करवंदीचं कुंपण

“जीभ दाखवा.”

उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या शेताजवळून जाणाऱ्या कुणालाही हे ऐकावं लागायचं. वाटसरू असो, गुराखी असो, गावचा सरपंच असो. ती वाटेत आडवी उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि समोरच्यानं राम राम करायच्या आत म्हणायची, “जीभ दाखवा.” पिकलेलं करवंद खाल्लं की जिभेवर जांभळा रंग चढतो, तो लवकर जात नाही. चिकानं ओठ चिकटतात ते वेगळंच. चोर पकडायला तिला पोलीस पाटलाची गरज नव्हती.

मलाही तिनं सोडलं नाही. मी सरकारी नोकर, खांद्याला नकाशांची पिशवी, बरोबर दोन पंच. तिनं मला चांगलं ओळखलं होतं, तरीही जीभ बाहेर काढायला लावली. डोळे बारीक करून बघितली.

“पान खाल्लं काय?”

“नाही.”

“मंग लाल कशानं?”

जीभ मुळात लालच असते, हे मला भर उन्हात तिला समजावून सांगावं लागलं. तिला ते पुरतं पटलं नाही. पुढं चालताना तिनं दोनदा मागं वळून माझ्या तोंडाकडं पाहिलं.

मी भोकरदन तालुक्यात भूकरमापक होतो. लोक आम्हाला मोजणीदार म्हणतात. दोन शेतांमधली हद्द कुठून जाते ते साखळी आणि नकाशा लावून दाखवायचं, एवढंच आमचं काम. पण मोजणीदाराला कुणी आनंदानं बोलावत नाही. त्याला बोलावतात ते भावाचं भावाशी बोलणं बंद झाल्यावर. त्यामुळं माझ्या नोकरीत मला संशयी माणसं पुष्कळ भेटली, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यातलाच झालो. बांधावर कुणी जास्त गोड बोलायला लागलं की माझं लक्ष आधी हद्दीच्या दगडाकडं जाई. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण तिच्याइतका मनापासून संशय घेणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

पहिली भेट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. धावड्याला एसटीतून उतरायचं आणि अजिंठ्याच्या डोंगराकडं तोंड करून चालायला लागायचं, की तासाभरात तिचं गाव यायचं. वय तेव्हा चाळिशीच्या पुढचं. काटक अंग, उन्हानं रापलेला चेहरा, आणि नजर अशी की आपल्या खिशात काय आहे ते तिला दिसतंय असं वाटावं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. एकुलती लेक जाफराबादकडं दिलेली. नवऱ्याच्या वाटणीचं रान ती एकटी कसायची. शेजारचं रान धाकट्या दिराचं. मधे एक बांध.

“बांध चालतो, सायेब,” तिनं मला पहिल्याच वाक्यात सांगितलं.

“बांध कसा चालेल?”

“नांगराच्या फाळानं चालतो. दरसाली एक तास इकडं सरकतो. मालक होते तवर जागचा हलला न्हाई. ते गेले अन् त्याला पाय फुटले.”

तास म्हणजे नांगराची एक ओळ. दिसायला ते काहीच नसतं, पण वर्षाला एक ओळ म्हटलं तर माणसाच्या हयातीत अख्खा बांध गिळता येतो. दीर बाजूला उभा होता. ठेंगणा, मितभाषी माणूस. डोक्याला रुमाल, नजर जमिनीवर. त्याच्या घरून आमच्यासाठी चहा आला. उन्हातून चालून आलो होतो, मी प्यालो. तो चहा पुढं बारा वर्षं मला पुरला.

साखळीचं दुसरं टोक धरायला माझा शिपाई होता, पण तिनं त्याला धरू दिलं नाही. टोक स्वतः दगडाला लावलं आणि वर टाच देऊन उभी राहिली. मोजणी झाली. डोंगराकडच्या अंगाला बांध दोन फूट तिच्या रानात आलेला निघाला. पंचांसमोर मी ते सांगितलं. दीर खाली बघतच म्हणाला, “गड्याच्या हातून झालं आसंल. नांगराला मी नव्हतो.” बांध मागं घ्यायला त्यानं हरकत घेतली नाही. हद्दीवर दगड रोवले. माझ्या मते काम झालं होतं.

“परत मोजा,” ती म्हणाली.

मी परत मोजलं. दोनच फूट निघाले.

“माझ्या अंदाजानं चार तरी हायेत. चहा पिऊन मोजलं तर दोनच निघनार.”

निघताना ती त्या नव्या दगडापाशी उकिडवी बसलेली दिसली. दोन्ही हातांनी तो हलवून बघत होती.

“दगड तर दोन मानसं उचलत्यात,” ती स्वतःशीच म्हणाली.

दगड उचलता येतो, मग उचलता न येणारं काय? तिनं ते शोधून काढलं. पावसाच्या तोंडावर ती डोंगरात गेली आणि करवंदीच्या जाळ्यांतून टोपलीभर काळीभोर करवंदं घेऊन आली. गर खाल्ला, बिया राखेत घोळल्या आणि दोन दिवसांच्या आत बांधाच्या कडेनं एका ओळीत टोचल्या. करवंदीचं बी शिळं झालं की उगवत नाही, हे तिला तिच्या बापानं सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो, तेव्हा तिनं मला थांबवून ती ओळ दाखवली. बोटभर उंचीची रोपं. प्रत्येकाभोवती दगडांचं कडं. घागरीनं पाणी घालून तिनं ती उन्हाळाभर जगवली होती.

“आता चालवा म्हनावं बांध,” ती म्हणाली. “करवंदीला फाळ लावला तर बैल परत तिकडं जानार न्हाई.”

मी मान डोलावली. पण इथं मला एक कबुली द्यायची आहे. ती ओळ मला आमच्या दगडांच्या किंचित पलीकडं, दिराच्या बाजूला गेलेली वाटली. दगड गवतात बुडाले होते, रोपं लहान होती, नक्की सांगता येत नव्हतं. विचारावं का, असं मनात आलं. मग आठवलं की अर्ज आल्याशिवाय मोजायचं नाही असा आमचा नियम आहे. एरवी हा नियम मला त्रासाचा वाटे. त्या दिवशी तो सोयीचा वाटला. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

करवंद हळू वाढतं. तीन पावसाळे ते गुडघ्याच्या वर आलं नाही. मग एकदम फांद्या फुटल्या, फांद्यांत फांद्या अडकल्या आणि पाचव्या वर्षी पांढरी फुलं आली. त्या भागात काम निघालं की मी तिच्या शेतावरून वाट काढायचो. ती मला ओळख द्यायची, पण खाऊ घालायची नाही. सायबाला खाऊ घातलं की सायेब कलतो, असा तिचा सिद्धांत. सांगायची मात्र पुष्कळ. कच्ची हिरवी करवंदं वरणात टाकली की चिंचेची गरज नाही. थोडी मोठी झाली की चीक वाळू द्यायचा, मिठाच्या पाण्यात धुवायची आणि लोणचं घालायचं. ठेचा करायचा असेल तर बी काढूनच, नाहीतर कडवट लागतो. छाटलेल्या फांद्या खळ्याभोवती लावायच्या, डुक्कर आत येत नाही. बैलाच्या जखमेत किडे पडले की मूळ उगाळून लावायचं.

“मग मूळ इथलंच खणता?” मी विचारलं.

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी दिराचा माणूस आहे. “कुंपनाचं मूळ कोन खोदतं? डोंगरातून आनते मी.”

पिकलेली करवंदं ती पळसाच्या पानांच्या द्रोणात घालून धावड्याच्या एसटी थांब्यावर विकायची. गिऱ्हाइकानं एक चाखून बघितलं तर चालायचं. दुसरं उचललं की द्रोण मागं. लोक हसायचे, पण माल घ्यायचे. तिच्या करवंदात कच्चं एक निघत नसे. त्या विक्रीवर तिचा पावसाळा निघायचा. बियाणं यायचं, लेकीकडं जायला एसटीचं तिकीट निघायचं.

आणि मग ते जीभ दाखवण्याचं सुरू झालं. गावानं आधी ते गमतीवर नेलं. पण एका लग्नाच्या पंगतीत गंमत संपली. त्या सकाळी कुंपणाच्या खालच्या फांद्या ओरबाडलेल्या तिला दिसल्या होत्या. ती तशीच तरातरा मांडवात आली. पंगत बसलेली, वाढपी भात वाढत होते. दिराच्या पत्रावळीसमोर उभी राहून ती म्हणाली, “भाऊजी, जीभ दाखवा.”

दीर हातातला घास खाली ठेवून उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखी त्यानं जीभ बाहेर काढली. जीभ स्वच्छ होती. तो पुन्हा खाली बसला आणि जेवायला लागला. त्याच्या थोरल्या मुलाला मिसरूड फुटलेलं होतं. तो मात्र पंगतीतून उठून गेला. हे मला गावच्या पोलीस पाटलानं सांगितलं. फांद्या वानरांनी ओरबाडल्या होत्या हेही त्यानंच सांगितलं. तिला सांगितलं तर ती म्हणाली, “वानराला शिकवलं कुनी?”

मधे माझी बदली झाली. काही वर्षं परभणीकडं काढून मी पुन्हा भोकरदनला आलो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं होत आलं होतं. आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या टेबलावर तिच्या गावचा अर्ज पडला. या वेळी अर्ज तिचा नव्हता, दिराचा होता. दीर पोटाच्या दुखण्यानं खंगला होता. त्याच्या हयातीतच दोन्ही मुलांना वाटणी करून हवी होती. वाटणीसाठी मोजणी, आणि मोजणी म्हटली की चारी बाजूंच्या हद्दी.

वैशाखात गेलो. माझी जीभ तिनं तपासली ती त्याच दिवशी. कुंपण बघून मी थबकलो. पुरुषभर उंच, इतकं दाट की पलीकडचं माणूस दिसू नये. हिरव्या, लाल, काळ्या करवंदांनी लगडलेलं. आत बुलबुलांचा कालवा. दिराला बैलगाडीतून आणून लिंबाच्या झाडाखाली गोधडीवर निजवलं होतं. त्याची हाडं दिसत होती. उशाला बायको बसली होती. मुलं उभी होती. थोरला आता बापई गडी झाला होता, आणि कुंपणाकडं तो ज्या नजरेनं बघत होता ती मला आवडली नाही.

जुने दगड शोधायलाच आम्हाला दोन तास लागले. एक कुंपणाच्या अलीकडं, पसरलेल्या फांद्यांखाली मातीत सापडला. तो जागचा तसूभर हलला नव्हता. मी साखळी लावली. टोक तिनंच धरलं. मी आकडे बघितले. मी पुन्हा मोजलं.

कुंपण दिराच्या रानात होतं. वरच्या अंगाला चार फूट, खालच्या अंगाला सहा.

मी ते मोठ्यानं सांगितलं. सांगणं भाग होतं.

“परत मोजा,” ती म्हणाली.

तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच आला. थोरला मुलगा टाळी वाजवून बापाकडं वळला.

“ऐकलं का आबा? बारा साल आपल्याला चोर म्हनून राह्यली ही. भर पंगतीत जीभ दाखवायला लावली. अन् रान कुनी खाल्लं? उद्याच ट्रॅक्टर आनतो अन् मुळासकट काढतो.”

“व्हय, लावलं मी दोन पावलं पल्याड,” ती ओरडली. “ह्या सायबाची मोजणी कमी होती म्हनून लावलं. चहा पेले होते हे त्यांच्या घरचा. माझं रान हाय ते.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, “बाई, आज मी कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. साखळीचं टोक तीनही वेळा तुमच्या पायाखाली होतं. आणि हद्द त्या वेळी निघाली होती तिथंच आजही निघाली आहे.”

तिनं खाली, स्वतःच्या पायाकडं बघितलं. साखळी अजून टाचेखालीच होती.

“ट्रॅक्टर आनायचा न्हाई,” लिंबाखालून आवाज आला.

दीर कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होता. बायकोनं त्याला धरलं.

“मला माहीत हाय ते. ती बिया टोचत होती तवा मी ह्याच लिंबाखाली बसल्तो. बघत व्हतो.”

“मंग बोलले का न्हाई?” मुलगा म्हणाला.

“कोन्या तोंडानं बोलू? नांगराला गडी नव्हता. मीच होतो.” त्याला दम लागला. जरा थांबून तो पुन्हा बोलला. “दादाला जाऊन सा म्हैने झाले नव्हते. दोन साल मी बांधात फाळ घातला. एकटी बाई, तिला काय कळतं, आसं वाटलं. अन् पंचाम्होरं गड्याचं नाव घेतलं. त्यो बिचारा गाव सोडून गेला. मंग वैनीनं पल्याड बिया लावल्या. मला वाटलं, लावू दे. तेवढंच.”

थोरल्या मुलानं तोंड फिरवलं.

ती माझ्याजवळ आली. हलक्या आवाजात, जणू आम्ही दोघं एकाच कामावर आहोत अशा थाटात तिनं विचारलं, “हे आज का सांगून राह्यला?”

“त्यांना बरं नाही. फार दिवस नसतील कदाचित.”

“मरताना मानूस खरं बोलतो म्हनत्यात. पन हा मरनार हाय हे तरी खरं का?”

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ती विनोद करत नव्हती. साखळीची कडी तिनं उचलून माझ्या हातात दिली.

“म्हंजी मी बराबर होते,” ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, “अन् मंग चुकले.”

मी कागद आवरायला लागलो, तर ती माझ्यासमोर येऊन बसली. “लिहा,” ती म्हणाली. “करवंदी भाऊजीच्या रानात हाय. झाड, फळ, काटा, समदं त्यांचं. माझा त्याच्यावर हक्क न्हाई.”

“नकाशात येईलच ते. वेगळं लिहायची गरज नाही.”

“न्हाई, लिहा. माझ्या तोंडावर माझाच भरवसा न्हाई. उद्या मीच म्हनंन, सायेब खोटा होता. लिहून घ्या.”

मी लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मग माझ्या शाईच्या डबीत अंगठा बुडवून खाली उठवला. एक पंच दुसऱ्याला म्हणाला, असा कागद आपण आजवर बघितला नाही. मीही बघितला नव्हता. माणसं हद्दीसाठी कागद मागतात. स्वतःच्या विरुद्ध कागद करून मागणारी ती एकटी.

नकाशाची प्रत द्यायला मी तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. टपालानं पाठवता आली असती. पण मला बघायचं होतं. कुंपण जागेवर होतं, ट्रॅक्टर आला नव्हता. करवंदं मात्र तोडलेली नव्हती. पिकून खाली पडली होती, त्यांच्यावर मुंगळे लागले होते. वास सगळ्या रानात भरला होता. दिराच्या घरचे तोडत नव्हते, कारण आबानं मना केलं होतं. आणि ती तोडत नव्हती, कारण तिनं अंगठा दिला होता. पावसाळा तोंडावर आला होता. या वर्षी बियाणं कशावर आणणार, हा प्रश्न मी तिच्या ओट्यावर बसून विचारला.

“ते माझं न्हाई,” एवढंच ती म्हणाली आणि जोंधळे निवडत राहिली.

तेवढ्यात अंगणात तिची जाऊ येऊन उभी राहिली. दिराची बायको. बारा वर्षांत ती या अंगणात आली नव्हती. वर यायचं की नाही हे न कळून ती तुळशीपाशीच थांबली.

“बाई,” ती म्हणाली, “त्येंच्या तोंडाला चव न्हाई. आठ दिस झाले, अन्न पोटात न्हाई. करवंद खावंसं वाटतंय म्हनत्यात.”

“मंग तोडा की. तुमचीच हायेत.”

“वैनीनं आनून दिलं तर खाईन, म्हनत्यात. न्हाईतर नको. इतकी सालं आपल्या रानात फळ लगडलं, पन एक तोंडात घातलं न्हाई त्यांनी. पोरांनाबी घालू दिलं न्हाई.”

ती निवडायची थांबली. तिच्या कपाळावर मला परिचित असलेली आठी पडली.

“डाक्टरला इचारलं का? आंबट हाय ते. उद्या काय झालं तर म्हनाल, मोठीनं घातलं.”

“न्हाई म्हननार.”

“लिहून देता?”

“मला लिहिता येत न्हाई, बाई,” जाऊ म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ती ते पुसतही नव्हती.

मोठी जाऊ माझ्याकडं बघू लागली. मी साक्षीदार राहीन का, असा तो प्रश्न असावा. मी मान हलवली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आतून टोपली आणली.

तिला करवंदं तोडताना मी तेव्हा प्रथमच नीट पाहिलं. काट्यांत हात घालायची, पण ओरखडा उठत नसे. ओढून काढावं लागेल असं फळ ती घ्यायचीच नाही. बोट लागताच जे हातात येतं तेवढंच घ्यायची. सावलीतलं आधी. टोपली भरायला वेळ लागला, कारण ती प्रत्येक फळ उजेडात धरून बघत होती. मग आडावर जाऊन तिनं ती तीनदा धुतली.

दीर घरात बाजेवर पडला होता. तिनं पितळी ताटलीत करवंदं ठेवली, त्यातलं एक उचलून आधी स्वतःच्या तोंडात टाकलं, चावलं, गिळलं आणि थोडा वेळ थांबली. आम्ही सगळे थांबलो. मग ताटली पुढं सरकवली.

त्यानं एक घेतलं. आंबटानं त्याचं तोंड आक्रसलं, डोळे मिटले. बी काढून बायकोच्या तळहातावर ठेवली. दुसरं घेतलं. तिसरं. चार-पाच खाल्ली असतील. त्याच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आल्यासारखं मला वाटलं, पण तो माझा भास असेल. मग तिच्याकडं बघत, त्यानं हळूच जीभ बाहेर काढली.

जांभळी, पार मुळापर्यंत.

ती बघत राहिली. पदर तोंडाला लावला. ती हसत होती की दुसरं काही, हे माझ्या जागेवरून दिसलं नाही.

“चोर,” ती म्हणाली.

तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, बायको पाठ चोळायला लागली आणि ती लगबगीनं ताटली उचलून बाजूला झाली. “बास. आता नको. म्हनलं होतं मी, डाक्टरला इचारा.”

पोळ्याच्या आधी तो गेला.

पुढं माझी जालन्याला बदली झाली आणि त्या बाजूचं जाणं सुटलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. धावड्याला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडल्यावर मला बसवेना. एक जीप त्या बाजूला जात होती, तिच्यात बसलो. गावात शिरताना कुणी वाटेत आडवं आलं नाही.

जाऊ ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. मोठी बाई गेली त्याला दुसरा हिवाळा, असं तिनं सांगितलं. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. दीर गेल्यावर दोघींनी मिळून करवंदं तोडायला सुरुवात केली होती. कागद फाडून टाक, करवंदं तुझीच, असं थोरला मुलगा म्हणाला होता, पण मोठी बाई ऐकेना. मग निम्मी टोपली इकडं आणि निम्मी तिकडं असं ठरलं. धावड्याच्या थांब्यावर दोघी शेजारी शेजारी बसायच्या. मोठी आपल्या टोपलीवर वेगळं फडकं बांधायची.

“माझ्यावरबी नजर असायची तिची,” जाऊ म्हणाली. “मी गिऱ्हाइकाला एक जास्तीचं दिलं की मनगट धरायची. मला राग न्हाई यायचा. धरलेला हात गरम लागायचा.”

मी शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं.

“चार दिस पडून होती. लेकीला निरोप धाडला होता, ती जाफराबादहून निघाली होती, पन गाडी लवकर मिळंना. मी तांब्या भरून गेले. माझ्या घरचा तांब्या. आमच्या घरचं पानी तिनं कधी तोंडाला लावलं न्हाई, सायेब. ते गेल्यावरबी न्हाई. टोपली शेजारी, पन तांब्या येगळा. म्या मान उचलून तिच्या तोंडाला लावला. गटागटा प्याली.”

शेंगा फोडणारे तिचे हात थांबले होते.

“मला वाटलं, सूद न्हाई हिला. कुनाच्या हातचं पिऊन राह्यली हे कळत नसंल. म्हनून इचारलं, ‘बाई, वळखलं का मला?’ तर डोळे उघडले. चांगली बघितली माझ्याकडं. म्हनली, ‘न वळखायला काय झालं?’ अन् अजून मागितलं.”